बियाण्याचं स्टेज

माझा धंदा मंडपाचा. टेम्पोच्या पाठीवर ‘रशीद मंडप अँड साउंड’ असं लिहिलंय. श्रीरामपूरपासून नेवाशापर्यंत लग्न असो, जागरण-गोंधळ असो की निवडणुकीची सभा, लोक मला फोन करतात. इतकी वर्षं मी स्टेजच्या मागे उभा राहून पुढारी पाहत आलोय. तुम्हांला ते पुढून दिसतात, हारतुऱ्यांत. मला पाठीकडून दिसतात. घामाने शर्ट चिकटलेला असतो, आणि खाली उतरता उतरता माझ्यासारख्या वायर गुंडाळणाऱ्यालाही ते विचारतात, ‘कसं झालं भाषण?’ त्यामुळे पुढारीपणाविषयी मला फारसा आदर नाही. अल्लाने बहुतेक हे ओळखलं आणि एक पुढारी माझ्याच घरी पाठवून दिली.

शिफा माझी थोरली मुलगी. कृषी पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आहे, सकाळच्या एसटीने श्रीरामपूरला जाते. आमच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही. शेती म्हणाल तर घरामागे तिच्या अम्मीने, म्हणजे सरवरीने, लावलेली वांग्याची दोन झाडं. तरी पोरीला शेतीच शिकायची होती. मी म्हटलं, शीक बाई, निदान वांगी तरी चांगली येतील. घरात आमची बोली दखनी, पण वाद घालायचा झाला की शिफा मराठीवर येते. मराठीत मी तिच्यापुढे टिकत नाही, हे तिला पक्कं माहीत आहे.

गावात पोरापोरींचं एक युवा शेतकरी मंडळ आहे. शाळेतल्या शेतीच्या सरांनी ते सुरू करून दिलं, नंतर सरांची बदली झाली आणि मंडळ पोरांच्याच अंगावर पडलं. कॉलेजात जाणारी, आयटीआय करणारी, बारावीला बसलेली, अशी सगळी त्यात आहेत. माती तपासायला पाठवणं, बियाण्याची उगवण तपासून देणं, बांधावर झाडं लावणं ही त्यांची कामं. दर वर्षी नव्याने अध्यक्ष निवडतात. मागच्या वर्षी मात्र निवड काही केल्या होईना. आधीचा अध्यक्ष बजरंग, त्याला पुन्हा व्हायचं होतं. तो दिसायला बरा, बोलायला त्याहून बरा. पण त्याच्या घरचा आणि वरच्या आळीचा बांधावरून जुना वाद. वरच्या आळीने आपला पोरगा उभा केला, तर त्याच्या चुलत्याचा खालच्या आळीशी पाटाच्या पाण्यावरून वाद. शेवटी कुणीतरी म्हणालं, जिचा कुणाच्याच बांधाला बांध लागत नाही अशी एकच आहे, तिला करा. अशी माझी लेक शेतकरी मंडळाची अध्यक्ष झाली, जमीन नाही या एका गुणावर.

मला वाटलं, चार दिवस मिरवेल आणि बसेल. पण तिने काम मांडलं ते वेगळंच. बैठकीला ती माझा जुना माइक न्यायची. साऱ्या पंधरा-वीस टाळक्यांना माइक कशाला लागतो, मी विचारलं. तर म्हणे, “अब्बा, माइकची भीती घालवायची आहे. प्रत्येकाने हातात घेऊन एक तरी वाक्य बोलायचं, असा नियम केलाय.” पहिल्या बैठकीत अर्ध्या पोरींनी नुसतं ‘हॅलो’ म्हणून माइक पुढे सरकवला. कारभारीबाबांची नात निकिता तर ‘हॅलो’ म्हणायलाही लाजली. दिवाळीपर्यंत तीच निकिता मंडळाची सचिव झाली आणि ग्रामसभेत उठून पाटाच्या गाळाबद्दल ग्रामसेवकाला प्रश्न विचारायला लागली. बजरंगला मात्र शिफाने उलटा नियम लावला, एका वाक्यावर थांबायचं. त्याला तो काही जमेना.

आता कारभारीबाबांचं सांगतो, कारण खरी गोष्ट त्यांच्याच घरात घडली. सत्तरी ओलांडलेला माणूस, कडक. आमच्या गावात सोयाबीनचं बी म्हणजे कारभारीबाबा. सुगीला शेंगा हाताने बडवून, निवडून, ते बी वेगळं ठेवतात. पेरणीच्या वेळी गावातले लहान खातेदार त्यांच्याकडून चार पायल्या नेतात आणि सुगीला पाच परत घालतात. लिहिणं नाही, सही नाही, बाबांचा शब्द आणि बाबांचं बी. त्यांच्या ओसरीवर फळ्यांवर ती पोती उभी असतात. त्या पोत्यांजवळ पोरांना खेळू देत नाहीत, मांजरालाही हाकलतात.

फेब्रुवारीत मंडळाचा वर्धापनदिन आला. पोरांनी ठरवलं, यंदा कारभारीबाबांचा सत्कार करायचा. स्टेज माझं, हे गृहीत. पण त्याच दिवशी नागापूरच्या एमआयडीसीतल्या एका सुपरवायझरच्या मुलीचं लग्न होतं आणि फळ्या, त्यांच्याखालचे लाकडी घोडे, सतरंज्या सगळं तिकडे जाणार होतं. शिफाच म्हणाली, “अब्बा, तुम्ही जा. धंदा आधी. आमचं आम्ही बघतो.”

आणि त्यांनी बघितलं. कार्यक्रम बाबांच्याच अंगणात होता. मंडपवाल्याची पोर ती, स्टेजशिवाय कार्यक्रम म्हणजे तिला मिठाशिवाय भाजी. तिने बाबांच्या ओसरीवरची बियाण्याची पोती काढली, अंगणात ओळीने आडवी रचली, वर चादर अंथरली, पुढे एक पोतं पायरीला ठेवलं. बियाण्याच्या माणसाचा सत्कार बियाण्याच्याच स्टेजवर! सगळ्यांनी वाहवा केली. दोन पोती ठिगळं लावलेली होती, ती फोटोत बरी दिसणार नाहीत म्हणून घरात सरकवून ठेवली. सरपंच चढले, पाहुणे चढले, बाबा वहाणा काढून चढले, हार घातला, फोटो निघाले. कार्यक्रम आटोपल्यावर बजरंग आणि मंडळींनी त्याच स्टेजवर नाचून रील काढले. मग पोती परत ओसरीवर. उचलून नेली म्हणावं, तर तसं नाही. पोरांच्या हातातून पोतं ओसरीवर कसं जातं, ते तुम्हांला माहीत आहे.

मी नागापूरहून परत आल्यावर मोबाईलवर फोटो पाहिला. खरं सांगतो, छाती फुगली. स्टेजचा कोन अगदी मापात होता.

मे महिन्याच्या शेवटी मंडळाने शाळेच्या व्हरांड्यात उगवणीची चाचणी घेतली. ओल्या गोणपाटावर दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करायची, सावलीत ठेवून पाणी शिंपडत राहायचं आणि काही दिवसांनी उघडून कोंब मोजायचे. बाबांच्या बियाण्याची चाचणी नुसती रीत म्हणून. ते उगवणार नाही असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. शिफाने आणि निकिताने गुंडाळी उघडली. अर्धे दाणे फुगून सडले होते.

दोघींना वाटलं, पाणी जास्त झालं असेल. पुन्हा लावलं. पुन्हा तेच. मग निकिताने घरातून त्या ठिगळांच्या दोन पोत्यांतले दाणे आणले. ते जवळजवळ सगळे तरारून आले. शिफा तिथेच खाली बसली. सोयाबीनचं साल पातळ असतं, पोतं आदळलं किंवा तुडवलं तर आतला कोंब दुखावतो, हे तिने पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, त्याला मार्कही मिळाले होते. स्टेज बांधताना मात्र तिला फक्त स्टेज दिसलं होतं.

निकिता म्हणाली, “आपण ऊन लागलं म्हणू. यंदा उन्हाळा होताच तसा.”

“मग लोक काय म्हणतील? बाबांनी बी नीट ठेवलं नाही म्हणतील,” शिफा म्हणाली.

“मग काहीच नको बोलू. पेरू दे. नाही उगवलं तर पावसावर जाईल.”

संध्याकाळी मी दारात बसून वायरींना चिकटपट्टी लावत होतो, तिथे शिफा आली आणि तिने मला सगळं सांगितलं. बी वाटायला चार दिवस उरले होते. पारावर सगळं गाव जमणार होतं. “मी माइकवर सांगणार आहे,” ती म्हणाली.

माझं डोकंच फिरलं. मी ओरडलो. म्हटलं, गावात आपली मोजून चार घरं. मंडप गावाचा, लग्नं गावाची, पोट त्यांच्यावर. शेतकऱ्याच्या पोरांनी चूक केली तर ती चूक असते, आपण केली तर काय होतं ते मी तुला शिकवायला पाहिजे का? राजीनामा दे. आजारी पड. मामाकडे जा आठ दिवस. एवढे पुढारी पाहिले मी, अंगावर आलं की सगळे आजारी पडतात, दवाखान्यात फोटोसुद्धा काढून घेतात.

“ज्यांना त्या बियाण्यावर वर्ष काढायचंय ते काय करतील, अब्बा?” एवढंच ती म्हणाली.

मी आणखी मोठ्याने ओरडलो. आतून सरवरी बाहेर आली. तिने माझ्या हातातली चिकटपट्टी काढून घेतली आणि म्हणाली, “माइक तुमचाच ना? मग त्या दिवशी तो नीट चालेल एवढं बघा. बाकीचं तिचं ती बघेल.”

लोकांना सांगायच्या आधी बाबांना सांगायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी शिफा निकिताला घेऊन त्यांच्याकडे गेली. बाबा गाईची धार काढत होते. तिने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, स्वतःचं नाव कुठेही न लपवता. बाबांनी धार पूर्ण केली. किटलीला झाकण लावलं. “दूध घालून येतो,” म्हणाले आणि डेअरीकडे निघून गेले. नंतर त्या विषयावर एक शब्द नाही, ना नातीशी, ना छबूबाईंशी. छबूबाई म्हणजे त्यांची बायको. त्या म्हणाल्या, “त्यो असाच हाय. बोलला तर बरं, न बोलला तर लई वाईट.”

पोरगी ते चार दिवस धड जेवली नाही. मीही नाही. म्हणजे मी जेवलो, पण चव लागली नाही.

वाटपाच्या सकाळी मी पारावर स्पीकर लावला. बायाबापड्या पिशव्या घेऊन आल्या होत्या. बाबा नेहमीच्या जागी, पाराच्या कडेला, पाय खाली सोडून बसले होते. शिफाने माइक घेतला. मी भाषणं खूप ऐकलीत. पण तिने भाषण केलंच नाही.

“फेब्रुवारीत आम्ही बाबांच्या बियाण्याच्या पोत्यांचं स्टेज केलं. ती कल्पना माझी. त्याच्यावर माणसं चढली, पोती आदळली. आता चाचणीत अर्धंच बी उगवतंय. बाबांच्या ठेवण्यात काही चूक नाही, त्यांची आत राहिलेली दोन पोती चांगली उगवली आहेत. चूक माझी आहे. पेरायच्या आधी तुम्हांला कळलं पाहिजे म्हणून सांगतेय.”

मग दगडाबाई उठल्या. नवरा नसलेली, दोन एकरांची मालकीण, तोंडाने तिखट. “आमी पेरायचं काय आता? तुजे फोटू?”

मागून एक जण म्हणाला, “ज्याला जमीनच न्हाई त्याच्या हाती शेतकऱ्यांचं मंडळ दिल्यावर दुसरं काय व्हनार?”

ते मला लागलं. फार लागलं. माझा हात स्पीकरच्या बटणावर होता. वाटलं, हे बंद करावं, टेम्पोत घालावं आणि पोरीला घेऊन घरी जावं. शिफाकडे पाहिलं तर ती तशीच उभी, ओठ घट्ट, पण नजर खाली नाही.

तेवढ्यात बाबा उठले. त्यांनी माइक मागितला. धरला तो उलटा. शिफाने सरळ करून दिला.

“त्या स्टेजवर मीबी चढलो हुतो,” बाबा म्हणाले. “बियान्यावर पाय द्यू न्हाई, हे मला बापानं शिकवलंय. पोरीला पुस्तकानं शिकवलं आसंल, मला तर जन्मापासून ठाव हाय. पर फुडं हार दिसला. वहाना काढल्या आन् मनाला म्हनलो, वहाना काढल्या म्हंजे भागलं. आता एकट्या पोरीला कशापायी बोलता? मला बोला की.”

बाबांना कोण बोलणार? मग बजरंगने हात वर केला आणि म्हणाला, “नाचलो आम्ही.” एकच वाक्य. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा तो एका वाक्यावर थांबला आणि लोक हसले. दगडाबाईही हसल्या, नाइलाजाने.

हसण्याने बी उगवत नाही, त्यामुळे पुढचे दिवस धावपळीचे गेले. ठिगळांची दोन पोती ज्यांच्याकडे दुसरं काहीच नाही त्यांना, हे पारावरच ठरलं. बाकीच्यांसाठी मंडळाची पोरं घरोघर ओलं गोणपाट घेऊन फिरली. कुणाच्या कणगीत थोडं, कुणाच्या माळ्यावर थोडं, असं बी निघत गेलं. जे उगवलं ते एकमेकांना वाटलं, तेही चाराला पाच याच बोलीवर. दोन्ही आळ्यांतली पोरं एका घरात बसून कोंब मोजताना मी पाहिली, आणि हे त्यांच्या बापांना सांगितलं असतं तर त्यांचा विश्वास बसला नसता. तरी सगळ्यांना पुरलं नाही. दगडाबाईंना दुकानातलं बी घ्यावं लागलं आणि त्याबद्दल त्या शिफाला आजही रस्त्यात थांबवून बोलतात. शिफा ऐकून घेते. ‘बरोबर आहे तुमचं, काकू,’ म्हणते. मग दगडाबाई तिला घरात नेऊन चहा पाजतात, आणि चहा पिता पिता पुन्हा बोलतात.

दुखावलेलं बी बाबांनी स्वतःला ठेवलं. दाट पेरीन म्हणाले, निम्मं उगवलं तरी रान भरेल.

जून सरता सरता पाऊस पडून जमिनीला पेरणीजोगा वाफसा आला. बाबांचं बाकी रान ट्रॅक्टरने पेरतात, पण घरामागचा तुकडा अजून बैलांच्या तिफणीने. त्यातच हे बी पेरायचं ठरलं, कारण दाट-पातळ हाताच्या मुठीवर असतं. बाबांनी निकिताकरवी निरोप पाठवला, शिफाला घेऊन रशीदलाही यायला सांग. मला वाटलं, पोरीला मजुरीला बोलावलंय, भरपाई म्हणून. तसं असतं तरी मी काही बोललो नसतो.

आम्ही गेलो तेव्हा तिफण जुंपलेली होती आणि बाबा बैलांचा कासरा धरून उभे होते. तिफणीवर जो लाकडी वाडगा असतो त्याला चाडं म्हणतात. मागून चालणाऱ्या बाईने त्यात मुठीने बी सोडत जायचं. पहिली मूठ घरच्या लक्ष्मीने धरायची, अशी इकडची रीत. त्या घरात लग्न होऊन आल्यापासून ती छबूबाईंनीच धरलेली. त्यांनी चाड्याला हळद-कुंकू लावलं, पदरात बी घेतलं, आणि सरळ शिफापुढे येऊन ते तिच्या ओढणीत ओतलं.

“धर मूठ.”

मला क्षणभर कळलंच नाही. मग कळलं आणि माझे डोळे भरून आले. ज्याची साऱ्या हयातीत स्वतःच्या रानात पेरणी झाली नाही, त्याच्या पोरीला हे घर पहिली मूठ देत होतं. मी बांधावर उभा राहून उघड उघड रडलो. निकिताने पाहिलं, पाहू दे.

शिफा मात्र मागे सरली. ओढणी तिने दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. “आजी, मला नको. माझ्यामुळंच खराब झालंय हे. परत माझ्या हातनं काही चुकलं तर?”

“चुकलं तर परत सांग,” छबूबाई म्हणाल्या. “सांगतीस म्हनून तर तुज्या हाती देतीय.”

बाबांनी मागे वळून पाहिलं. शिफाने मूठ भरून चाड्यावर धरली आणि त्यांनी बैलांना हाक दिली.